दुमजली सौरघट

शेतात सौर पंप आता बसवावा की थोडे थांबावे, हा प्रश्न आज पुष्कळ घरांत निघतो. कोणी तरी वर्तमानपत्रात वाचलेले असते, की दीडपट वीज देणारे नवे पॅनेल निघाले आहे. मग शेजारी म्हणतो, "जरा दम धरा की! जुना माल आज कशाला घेताय?" सल्ला ऐकायला बरा वाटतो. पण थांबायचे म्हणजे आणखी दोन-चार हंगाम रात्रीच्या विजेवर काढायचे, अंधारात विंचूकाट्यातून जाऊन दारे धरायची. तेव्हा हे नवे पॅनेल आहे तरी काय, ते एकदा नीट समजून घेऊ या.

सिलिकॉनचा पहिला उपयोगी सौरघट 1954 साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत चॅपिन, फुलर आणि पिअर्सन या तिघांनी तयार केला. अंगावर पडणाऱ्या उन्हापैकी सुमारे 6 टक्क्यांची तो वीज करी. आजचे चांगले पॅनेल 20 ते 23 टक्क्यांची करते. मात्र हा आकडा वाटेल तेवढा वाढवता येत नाही. 1961 साली शॉक्ली आणि क्वायसर या शास्त्रज्ञांनी गणिताने दाखवून दिले, की एकाच पदार्थाच्या घटाला निसर्गानेच एक मर्यादा घातली आहे. सिलिकॉनपुरती ती सुमारे 29 टक्के आहे.

ही मर्यादा का, हे बाजारातल्या दाखल्याने कळेल. ऊन म्हणजे प्रकाशकणांचा लोंढा. पण सगळ्या कणांच्या खिशात सारखे पैसे नसतात. निळ्या प्रकाशाच्या कणाजवळ 28 रुपये आहेत असे धरा, तांबड्याजवळ 18, आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांपैकी कोणाजवळ 13, तर कोणाजवळ 8. सिलिकॉनच्या दुकानात एकच वस्तू मिळते, किंमत 11 रुपये, आणि दुकानदार सुटे परत देत नाही! 8 रुपयेवाला हात हलवीत परत जातो. तांबड्याचे 7 रुपये बुडतात, निळ्याचे तर 17. हे बुडालेले पैसे म्हणजे उष्णता. पॅनेल उन्हात तापते, त्याचे हे एक मोठे कारण. आणि तापलेले सिलिकॉन वीजही कमी देते.

आता या दुकानावर दुसरा मजला चढवा. वरच्या दुकानातल्या वस्तूची किंमत 17 रुपये. गिऱ्हाइकाने आधी वर जायचे. तिथे परवडले नाही, तर खाली यायचे. निळा आणि तांबडा वरच खरेदी करतात. निळ्याचे 11 रुपये बुडतात, तांबड्याचा एकच. 13 रुपयेवाला खाली येऊन 11 रुपयांची वस्तू घेतो. गिऱ्हाईक तेच, पण गल्ल्यात जमा अधिक. असे एकावर एक रचलेले घट म्हणजेच टँडेम सौरघट. आपण त्यांना दुमजली घट म्हणू. दोन मजल्यांची सैद्धांतिक मर्यादा सुमारे 45 टक्क्यांपर्यंत जाते. शिक्षक बंधुभगिनींनी हा हिशेब फळ्यावर मांडावा. मुले चटकन् उत्तर काढतील.

ही कल्पना नवी नाही. अंतराळयानांवर असे बहुमजली घट पुष्कळ वर्षे वापरात आहेत. पण त्यांचे पदार्थ फार महाग. स्वस्त वरचा मजला मिळाला तो पेरोव्हस्काइट जातीच्या पदार्थांमुळे. 2009 साली जपानमध्ये मियासाका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यांचा घट केला, तेव्हा तो जेमतेम 3.8 टक्के देत होता. पुढे प्रगती मात्र झपाट्याने झाली. सिलिकॉनवर पेरोव्हस्काइटचा थर दिलेल्या घटाने 2025 मध्ये चीनमधील लाँगी कंपनीकडे 34.85 टक्क्यांचा उच्चांक गाठला. आपल्या पवईच्या आय.आय.टी.मध्येही 2023 साली असा 26 टक्क्यांहून अधिक देणारा घट तयार झाला.

मग अडले कुठे? पहिली गोष्ट, उच्चांकाचे घट नखाएवढे असतात. पूर्ण पॅनेल करू जाता आकडा खाली येतो. 2024 साली ऑक्सफर्ड पीव्ही या कंपनीने अशी पॅनेले प्रथमच विक्रीस धाडली, ती 24.5 टक्क्यांची होती. दुसरी गोष्ट, टिकाऊपणा. साध्या पॅनेलला 25 वर्षांची हमी मिळते. पेरोव्हस्काइटला दमट हवा, उष्णता आणि अतिनील किरण सोसत नाहीत. कोकणातला पावसाळा आणि विदर्भातला वैशाख यांतून ते किती वर्षे निभावते, हे प्रत्यक्ष काळच सांगेल. शिवाय त्यात शिसे असते. थर केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्शाएवढाच, तरी काच फुटल्यावर ते मातीत उतरू नये याची तजवीज हवीच.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे वळू. 5 अश्वशक्तीच्या पंपाला सुमारे 5 किलोवॅटची पॅनेले लागतात. 21 टक्क्यांच्या पॅनेलांना त्यासाठी सुमारे 24 चौरस मीटर जागा लागेल. उद्या 28 टक्क्यांची आली, तर 18. म्हणजे वाचली 6 चौरस मीटर. गुंठ्याचे सुमारे 100 चौरस मीटर होतात, हे ध्यानात घ्या. पाणी तेवढेच येणार, कारण पंप तोच. मुंबईत चार बिऱ्हाडांना मिळून एक गच्ची असते. तिथे ही बचत सोन्यासारखी. विहिरीच्या काठाशी तिची मातब्बरी ती किती!

म्हणून शेतकरी बांधवांनी केवळ या बातमीसाठी सौर पंप लांबणीवर टाकू नये. 2024 पासून राज्याच्या 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याचा वाटा 10 टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींचा 5 टक्के ठेवला आहे. तो हिशेब आधी करावा. आणि कोणी 'टँडेम' हे नाव सांगून जादा दाम मागू लागला, तर त्याला दोनच प्रश्न विचारा. हमी किती वर्षांची, ती लेखी द्याल का? भारतीय मानक ब्यूरोचे प्रमाणपत्र आहे का? उत्तर देताना तो अडखळला, तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

दुमजली घट येतील, आणि ते यावेत. ते येईपर्यंत दारी असलेल्या पॅनेलवरची धूळ सकाळच्या गारव्यात पुसून काढीत जा. धुळीने अडवलेले ऊन कोणत्याच दुकानात पोहोचत नाही.