दुसऱ्या फेरीची किंमत

प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचा बराच वेळ वाट पाहण्यात जातो. एक ओळ बदलायची, कम्पाइलर चालवायचा आणि थांबायचं. माणसाने लिहिलेला मजकूर यंत्राच्या आज्ञांत उतरवणं हे कम्पाइलरचं काम, पण आजचे कम्पाइलर वाटेत तो मजकूर सुधारतातही. कुठे ‘क्ष गुणिले आठ’ दिसलं, की गुणाकार टाळून संख्येचे बिट तीन घरं डावीकडे सरकवतात. तयार होणारा प्रोग्रॅम वेगवान व्हावा म्हणून चाललेल्या या खटपटीत कम्पाइलर स्वतः मात्र रेंगाळतो.

एलएलव्हीएम या कम्पाइलर-प्रकल्पाचंच पाहा. इलिनॉय विद्यापीठात २००० साली ख्रिस लॅटनर या विद्यार्थ्याने आणि त्याचे मार्गदर्शक, मुंबई आयआयटीत शिकलेले विक्रम अडवे यांनी तो सुरू केला. आज स्विफ्ट आणि रस्ट या भाषा त्याच्यावर उभ्या आहेत, सी आणि सी प्लस प्लससाठीचा क्लँग हा कम्पाइलरही. म्हणजे तो जरासा मंदावला, तरी जगभरच्या लाखो लोकांचं थांबणं वाढतं.

त्यात ‘इन्स्टकम्बाइन’ नावाचा एक टप्पा आहे. लहानलहान सूचना जुळवून सोप्या करायच्या, एवढंच त्याचं काम, पण एका कम्पाइलमध्ये तो अनेकदा चालतो. एक सूचना बदलली की तिच्यावर अवलंबून असलेल्या सूचना पुन्हा यादीत येतात आणि त्याच फेरीत तपासल्या जातात. यादी संपली की काम झालं, असं आपण म्हणू. पूर्वी मात्र तिथून सगळं पुन्हा पहिल्यापासून तपासलं जाई आणि काहीच बदललं नाही, तरच टप्पा थांबे. तांदूळ निवडून झाल्यावर सगळं सूप पुन्हा एकदा खड्यासाठी चाळावं, तसं. बहुतेक वेळा खडा निघतच नसे.

२०२३मध्ये या टप्प्याला एकच फेरी ठरवून दिली गेली. क्वचित एखादी सुधारणा निसटते, पण टप्पा पुढे पुन्हा चालतोच. मला हा निर्णय धाडसाचा वाटतो. ‘असू द्या, सुरक्षित आहे’ म्हणून ठेवलेलं काम काढून टाकायला नवं काम लिहिण्याहून जास्त खात्री लागते.

ती खात्री मोजमापातून येते. घड्याळावर भरवसा ठेवता येत नाही. यंत्र तापलं, दुसरं काही चालू असलं की आकडा हलतो. म्हणून निकिता पोपोव्ह यांनी एलएलव्हीएमसाठी चालवलेल्या मोजणीत मुख्य भर असतो तो प्रोसेसरने किती सूचना पार पाडल्या यावर. एसक्यूलाइटसारखे ठरावीक प्रोग्रॅम कम्पाइल करून बदलाआधीचा आणि नंतरचा आकडा ताडून पाहतात. अर्ध्या टक्क्याचा फरकही त्यात लपत नाही. अर्धा टक्का क्षुल्लक वाटेल, पण असे दहा बदल निमूट शिरले की कम्पाइलर जड होतो, आणि मग दोष कुणाचा हे शोधता येत नाही.

काही बचत याहूनही बारीक असते. मेमरी मागणं महाग पडतं, म्हणून एलएलव्हीएमच्या ‘स्मॉलव्हेक्टर’ या यादीत मोजक्या घटकांची जागा आधीच राखलेली असते. बहुतेक याद्या तेवढ्यातच मावतात.

इन्स्टकम्बाइनची दुसरी फेरी आता फक्त चाचण्यांत उरली आहे: पहिल्या फेरीत काही राहिलं तर तिथे चूक दाखवली जाते. रोजच्या कम्पाइलमधून मात्र ती २०२४च्या मार्चमध्ये आलेल्या अठराव्या आवृत्तीपासून गेली आहे.