रात्रीचे मलम : चिठ्ठीशिवायचे की चिठ्ठीवरचे?

मागच्या हिवाळ्यात आमच्या घरी भाचीचा निकाह होता. महिनाभर आधीपासून घरातल्या बायकांच्या बोलण्यात कपडे, दागिने आणि पाहुण्यांच्या याद्या होत्या. त्यात चेहऱ्यावरच्या सुरकुत्यांचा विषयही निघे. पन्नाशी ओलांडलेल्या आमच्या भाभींनी कुणाच्या तरी सांगण्यावरून मेडिकलमधून एक ट्यूब आणली. दुकानदाराने चिठ्ठी मागितली नाही आणि भाभींनी खोक्यावरचे बारीक अक्षर वाचले नाही. पंधरा दिवसांत चेहरा असा उजळला, की घरातल्या आणखी दोघींनी तीच ट्यूब मागवली.

लग्न पार पडले, ट्यूब संपली. आठवडाभरात भाभींचे गाल लाल झाले, हनुवटीवर पुरळ उठले, चुलीपुढे उभे राहिले तरी चेहऱ्याची आग होऊ लागली. त्वचारोगतज्ज्ञांनी रिकामे खोके हातात घेऊन वाचले, तेव्हा उलगडा झाला. ट्यूबमध्ये सुरकुत्यांवरचे औषध होते, पण त्याच्या जोडीला डाग फिकट करणारे हायड्रोक्विनोन आणि मोमेटासोन नावाचे स्टेरॉइडही होते. आलेला उजाळा बराचसा या दोघांचा होता आणि नंतरचा त्रास स्टेरॉइड अचानक थांबल्याचा.

तेव्हापासून या विषयावर आम्हाला वारंवार विचारणा होते. दुकानातले रेटिनॉल घ्यावे की डॉक्टर देतात ते ट्रेटिनॉइन? म्हणून जे समजून घेतले, ते वाचक भगिनींसमोर (आणि हल्ली आरशासमोर जास्त वेळ थांबणाऱ्या बंधूंसमोरही) मांडत आहोत.

एकाच घराण्यातली औषधे

ही सगळी 'अ' जीवनसत्त्वाच्या घराण्यातली. त्वचेवर प्रत्यक्ष काम करते ते रेटिनॉइक अॅसिड, म्हणजेच ट्रेटिनॉइन. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध आहे. दुकानात सौंदर्यप्रसाधन म्हणून मिळणाऱ्या रेटिनॉलचे आधी त्वचेत रेटिनाल्डिहाइड होते आणि मग रेटिनॉइक अॅसिड. या वाटेत बराचसा भाग गळतो, म्हणून रेटिनॉल कितीतरी सौम्य. रेटिनाल्डिहाइड एक पायरी जवळचे. रेटिनिल पाल्मिटेट सर्वांत लांबचे आणि सर्वांत दुबळे.

ट्रेटिनॉइन अमेरिकेत १९७१ मध्ये मुरुमांवरचे औषध म्हणून मंजूर झाले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांच्या वयस्क रुग्ण स्त्रिया सांगू लागल्या, की मुरुमांबरोबर सुरकुत्याही कमी दिसतात. पुढे अभ्यास झाले आणि १९९५ मध्ये बारीक सुरकुत्यांसाठीही त्याच्या मलमाला मंजुरी मिळाली. इतका दीर्घ पुरावा या घराण्यातल्या दुसऱ्या कुणापाशी नाही. रेटिनॉलचाही उपयोग होतो, पण तो हळू आणि कमी.

मग जोरदार तेच का घेऊ नये?

कारण जोर वाढला की जळजळही वाढते. सुरुवातीचे काही आठवडे त्वचा कोरडी पडते, लाल होते, तिचे पापुद्रे निघतात. गोऱ्या कातडीवर ही लाली उतरून जाते. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर मात्र जळजळीच्या जागी काळे डाग उमटतात आणि ते महिनोन् महिने राहतात. सुरकुती घालवायला जावे आणि डाग घेऊन यावे, असा हा प्रकार. म्हणून आपल्यासाठी घाई सर्वांत महाग.

आम्हाला समजलेला हिशेब असा. ज्यांनी या घराण्यातले काहीच कधी लावलेले नाही, ज्यांची त्वचा नाजूक आहे किंवा ज्यांच्या सुरकुत्या नुकत्या उमटू लागल्या आहेत, त्यांनी ०.१ ते ०.३ टक्के रेटिनॉलपासून सुरुवात करावी. त्याहून जास्त आकडा पाहून भुलू नये. युरोपीय संघाने २०२४ मध्ये चेहऱ्यावरच्या प्रसाधनांत रेटिनॉलची मर्यादा ०.३ टक्केच ठरवली. खोक्यावर टक्केवारी छापलेली असेल तेच घ्यावे. उघड्या तोंडाची काचेची बरणी टाळावी, कारण हवा आणि उजेड लागला की रेटिनॉल निकामी होते. बंद पंप किंवा ट्यूब बरी.

सहा महिने नेटाने लावूनही फरक पुरेसा वाटला नाही, किंवा उन्हाने झालेले डाग आणि सुरकुत्या ठळक आहेत, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. ते बहुधा ०.०२५ टक्के ट्रेटिनॉइनपासून सुरुवात करतात. ही ट्यूब आपल्याकडे नावाजलेल्या रेटिनॉल सीरमपेक्षा अनेकदा स्वस्त पडते. त्यामुळेच मोह होतो, की डॉक्टरांची फी वाचवून परस्पर आणावी. पण चिठ्ठीचे पैसे ट्यूबच्या नावासाठी नसतात. किती लावायचे, कधी थांबायचे आणि आपला डाग हा डाग आहे की वांग की आणखी काही, हे पाहणाऱ्या डोळ्यांसाठी ते असतात.

आणि तिहेरी मलम? वांगावर काही आठवड्यांपुरते, डॉक्टरांच्या नजरेखाली त्याचे काम आहे. रोजची नाइट क्रीम म्हणून ते लावत राहिले तर त्वचा पातळ होते, बारीक शिरा दिसू लागतात, चेहऱ्यावर लव वाढते. केंद्र सरकारने २०१८ मध्ये त्वचेवर लावायच्या अनेक स्टेरॉइडांना चिठ्ठीची अट घातली, तरी मागितले की ट्यूब मिळते हे आपण सगळे जाणतो. म्हणून खोक्यावर मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन यांपैकी एकही नाव असेल, तर ते स्वतःहून चेहऱ्याला लावू नये. आधीच लावत असाल तर एका रात्रीत बंदही करू नये. डॉक्टर ते टप्प्याटप्प्याने सोडवतात.

लावायची रीत

इशाची नमाज झाली, चेहरा पुसून पूर्ण कोरडा झाला, की पंधरा-वीस मिनिटांनी वाटाण्याएवढे मलम साऱ्या चेहऱ्याला पुरवावे. डोळ्यांच्या कडा, नाकपुड्यांचे कोपरे आणि ओठ सोडावेत. पहिला महिना आठवड्यातून दोनच रात्री. सोसले तर एक रात्र वाढवावी. वरून साधे मॉइश्चरायझर. सकाळी फजरच्या आधी चेहरा धुतला जातोच. रात्रीतून पुन्हा वुजू करावा लागला, तरी त्यानंतर मलम दुसऱ्यांदा लावू नये.

दिवसा सनस्क्रीन हवेच, एसपीएफ ३० किंवा त्याहून अधिक. इथे आपल्या घरांतली एक अडचण कुणी सांगत नाही. सकाळी लावलेले सनस्क्रीन जोहरच्या वुजूत बरेचसे धुऊन जाते. उन्हात जायचे असेल, तर चेहरा पुसून ते पुन्हा लावावे. नकाब घेणाऱ्या भगिनींनीही सनस्क्रीन सोडू नये. पातळ कापडातून ऊन झिरपते आणि डोळ्यांभोवतीचा भाग तर उघडाच असतो.

या काळात ओठांवरचे थ्रेडिंग, वॅक्सिंग आणि ब्लीच जपून. मलमाने वरची त्वचा नाजूक होते आणि वॅक्सबरोबर तीच सोलून निघू शकते. निदान आठवडाभर आधी मलम थांबवावे आणि पार्लरमध्ये तसे सांगावे.

सर्वांत महत्त्वाचे : दिवस गेलेले असतील किंवा तशी इच्छा असेल, तर यातले काहीही लावू नये, दुकानातले रेटिनॉलसुद्धा नाही. या घराण्यातल्या पोटात घ्यायच्या गोळ्यांनी गर्भात व्यंग होते हे सिद्ध आहे. मलमातून रक्तात फार थोडे जाते, तरी सुरकुतीसाठी ती जोखीम कशाला? अंगावर पाजणाऱ्या आयांनीही आधी डॉक्टरांना विचारावे.

भाभींची त्वचा सावरायला चार-पाच महिने गेले. आता त्या आठवड्यातून दोन रात्री सौम्य रेटिनॉल लावतात आणि छत्रीशिवाय बाजारात जात नाहीत. फरक दिसायला तीन ते सहा महिने लागतात, हे त्यांना ठाऊक आहे. पुढच्या वर्षी घरात आणखी एक निकाह आहे. परवा धाकट्या नणंदेने नव्या ट्यूबचा फोटो पाठवून विचारले, "भाभी, ही आणू का?" भाभींनी चष्मा लावला आणि तिला आधी खोक्याच्या मागच्या बाजूचा फोटो पाठवायला सांगितले.