रेस सोडली की थरथर

तळेगाव ढमढेऱ्याच्या शिवारातला कांदा, कोथिंबीर, मेथी बाजाराला निघते ती बहुतेक पिकअपमधून. शिक्रापूरला पुणे-अहिल्यानगर रस्ता गाठायचा आणि उजाडायच्या आत गुलटेकडीच्या मार्केट यार्डात माल उतरवायचा. या कामाला आता नव्या गाड्या आल्या आहेत, तरी जुनी टाटा 207 अजून ओझं वाहते आहे. टाटांनी 1988 साली टाटामोबाइल 206 ही पिकअप आणली, तिच्याच घराण्यातली ही 207. पुढच्या 207 डीआयचं चार सिलिंडरचं इंजिन 2956 सीसीचं.

या गाडीची नेहमीची तक्रार ठरलेली. "मिस्त्री, रस्त्याला झकास पळती, पण उभी केली की थरथरती. आरसासुद्धा स्थिर राहत नाही."

पळताना गप्प असलेला दोष उभ्या गाडीत का बोलतो, यामागे साधा हिशेब आहे. आयडलला इंजिन मिनिटाला साधारण 750 फेरे घेतं, म्हणजे चार सिलिंडर मिळून सेकंदाला 25 स्फोट होतात. हा कंप माउंटिंगची रबरं गिळून टाकतात. एक सिलिंडर कामातून गेला, की सेकंदाला सुमारे सहा वेळा खड्डा पडतो. तो संथ हिसका रबरांना पेलत नाही आणि केबिनभर पोचतो. रेस दिली की हिसके जलद होतात, फ्लायव्हील ते पोटात घेतं आणि गाडी बरी वाटू लागते. शिवाय आयडलला एका वेळी एका सिलिंडरमध्ये जाणारं डिझेल मोहरीच्या एक-दोन दाण्यांएवढंच असतं. एवढ्याशा मापात नोजलने थोडी जरी चूक केली तरी ती मोठी ठरते.

म्हणून चांगला मिस्त्री पाना हातात घेण्याआधी विचारतो. थरथर थंड इंजिनाला जास्त की गरम झाल्यावर? धूर कसला? पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर म्हणजे डिझेल न जळताच बाहेर पडतंय. काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. निळा म्हणजे ऑइल जळतंय. शेवटचा प्रश्न मला सगळ्यांत मोलाचा वाटतो: डिझेल कुठून भरता? शेतावरच्या बॅरलमध्ये रात्रीच्या गारव्याने पाणी साचतं, तेच पुढे फिल्टरमध्ये उतरतं.

मग तपास टाकीकडून इंजिनाकडे सरकतो, कारण स्वस्त दोष त्याच वाटेवर असतात. आधी फिल्टरचं पाणी काढायचं. मग लाइन एअर घेते का ते पाहायचं. पंपाच्या आधी पारदर्शक नळीचा तुकडा जोडला, की बुडबुडे डोळ्यांना दिसतात. भेगाळलेली रबरी नळी, सैल क्लिप किंवा दबलेला तांब्याचा वॉशर, एवढ्यावरच कितीतरी गाड्या सुधारतात. विहिरीवरची डिझेल इंजिनं चालवलेल्या पिढीला एअर काढणं कुणी शिकवावं लागत नाही.

तरीही थरथर राहिली, तर जुन्या मेकॅनिकल पंपाच्या इंजिनाला थेट विचारता येतं. इंजिन आयडलला चालू ठेवून एका नोजलच्या पाइपाचा नट अर्धा फेरा सैल करायचा. आवाज पडला, इंजिन आणखी हललं, तर तो सिलिंडर काम करत होता. नट कसून पुढच्याकडे जायचं. ज्याचा नट सैल करूनही इंजिनाला काहीच फरक पडत नाही, तोच आळशी. हे करताना नटावर जाड फडकं हवं आणि बोट त्या धारेपुढे कधीच नको. तिथला दाब शेकडो बारचा असतो आणि डिझेल कातडीतून आत घुसतं. जखम टाचणीएवढी दिसते, पण तो हात तातडीने शस्त्रक्रियेला न्यावा लागतो.

सिलिंडर सापडला म्हणून लगेच नवं नोजल आणायचं नाही. त्याचं नोजल शेजारच्या सिलिंडरला लावून पाहायचं. दोष नोजलबरोबर सरकला, तर ते पंप-नोजलच्या दुकानात टेस्टरवर चढवायचं. तिथे फवारा धुक्यासारखा सुटतो की टोकाला थेंब लोंबतो, ते कळतं. बॉशने डिझेल इंजेक्शन पंपाचं मोठं उत्पादन 1927 साली सुरू केलं. त्याच बॉशचा, पूर्वीच्या मायकोचा, कारखाना नाशिकला आहे, त्यामुळे या विद्येचं माहेर आपल्याला लांबचं नाही. दोष जागेवरच राहिला, तर फिलर गेजने टॅपेट आणि मग कॉम्प्रेशन पाहायचं. चारही सिलिंडर सारखेच बोलले, तर इंजिन निर्दोष, माउंटिंगची रबरं बसलेली.

आयडलचा स्क्रू फिरवून फेरे वाढवून देण्याचा एक उपाय सर्रास होतो. त्याची मला मनापासून चीड आहे. थरथर झाकली जाते, गाडीवाला समाधानाने जातो आणि गळकं नोजल आत डिझेल टपकवत राहतं. ते सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुतं, खाली ऑइलमध्ये उतरून ते पातळ करतं. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं आणि त्याला डिझेलचा वास आला, तर गाडी तिथेच थांबवावी. नाहीतर नोजलच्या खर्चाऐवजी पूर्ण इंजिन बांधायची वेळ येते.

कॉमन रेलच्या गाड्यांत नट सैल करून पाहणं पूर्ण वर्ज्य. तिथला दाब कितीतरी पट जास्त असतो. कोणत्या सिलिंडरला डिझेलची भर घालावी लागतेय, ते स्कॅनर पडद्यावर दाखवतो आणि एकेक नोजल बंदही करून पाहतो. मात्र भेगाळलेली नळी आणि बसलेलं रबर त्याला दिसत नाही. त्यासाठी टॉर्च घेऊन गाडीखाली वाकावंच लागतं, आणि बीएस-6 गाडीच्या फिल्टरमधलं पाणीही आधी काढावंच लागतं.