स्लाउस : पाणी अडवणारा डच शब्द

डच भाषेत ‘स्लाउस’ या एकाच नावाखाली दोन निरनिराळी बांधकामे येतात : सखल जमिनीवरचे जादा पाणी समुद्रात सोडणारे दार, आणि पाण्याच्या दोन असमान पातळ्यांमधून जहाजे चढवणारा-उतरवणारा जलपाश. उत्तरकालीन लॅटिनमधील ‘एक्स्क्लूसा’, म्हणजे बाहेर अडवलेले (पाणी), हा या शब्दाचा उगम असून तो जुन्या फ्रेंचमधून डचमध्ये आला, आणि पुढे डचमधूनच रशियन भाषेत ‘श्ल्यूझ’ या रूपाने गेला. ‘बंद करणे’ या अर्थाचे ‘स्लाउटन’ हे डच क्रियापद त्याला इतके जवळचे वाटते की एकातून दुसरे निघाले असावे असा कोणाचाही समज व्हावा; प्रत्यक्षात ते अस्सल जर्मानिक कुळातले आहे.

यातले पाणी सोडणारे दार आधीचे. समुद्राला ओहोटी लागली की आतले पाणी कवाडे ढकलून बाहेर पडते, आणि भरती आली की तिच्याच दाबाने ती घट्ट मिटतात. उत्तरेकडील किनाऱ्यावर अशा दाराला ‘झैल’ म्हणतात आणि डेल्फझैल या बंदराच्या नावात तो शब्द टिकून आहे. नौकांची सोय नंतरची असल्याने तिच्यासाठी ‘स्खुटस्लाउस’ असा जोडशब्द घडवावा लागला. त्यात दोन दारांमध्ये ‘कोल्क’ नावाचा बंदिस्त हौद असतो. नौका आत आल्यावर मागचे दार लावून हौदातील पाणी पुढच्या पातळीशी जुळवले जाते आणि मगच पुढचे दार उघडते. 1932 मध्ये पूर्ण झालेल्या आफ्स्लाउटडाइक या समुद्रबांधात दोन्ही प्रकार शेजारी-शेजारी आहेत.

अ‍ॅमस्टरडॅममध्ये तर या शब्दाने तिसराच अर्थ घेतला असून तेथील ‘टोरनस्लाउस’ हा सिंगल कालव्यावरचा रुंद पूल आहे.

त्याच शहराकडे जाणाऱ्या कालव्याच्या मुखाशी, आयमाउडन येथे, 2022 मध्ये खुला झालेला सागरी जलपाश 500 मीटर लांब, 70 मीटर रुंद आणि 18 मीटर खोल आहे. त्याच्या प्रत्येक उघडझापीबरोबर समुद्राचे खारे पाणी पूर्वीपेक्षा अधिक प्रमाणात आत येऊ लागले, आणि गोड्या पाण्याहून जड असल्यामुळे तळाशी साचणारे हे पाणी पुन्हा समुद्राकडे लावण्यासाठी स्वतंत्र बांधकाम हाती घ्यावे लागले.