उद्यानांचा कारभार कोणी पाहावा?



सायंकाळी बागेत फिरावयास जाणाऱ्या एखाद्या सद्गृहस्थास ती बाग कोणाची असे विचारले, तर "म्युनिसिपालिटीची" असे उत्तर मिळते, आणि ते ढोबळ मानाने खरेही असते. परंतु पुढचे प्रश्न विचारले की उत्तर अडखळते. बागेवर किती पैसा खर्च करावयाचा हे कोण ठरवितो? उद्या तिचा एक कोपरा मोटारी उभ्या करण्यासाठी तोडून द्यावयाचा ठरल्यास "नाही" म्हणण्याचा अधिकार कोणास आहे? आणि ज्यांस तो आहे, त्यांना आपण त्या कामासाठी निवडले आहे काय?

आजच्या भाषणात या प्रश्नांचा विचार एका परदेशी नगराच्या आधारे करावयाचे योजिले आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी मिनेसोटा या राज्यात मिनियापोलिस नावाचे शहर आहे. तेथे उद्याने, मैदाने व क्रीडाकेंद्रे यांचा कारभार नगरसभेच्या एखाद्या खात्याकडे नाही. तो मतदारांनी स्वतंत्रपणे निवडून दिलेल्या उद्यान मंडळाकडे आहे, आणि ही व्यवस्था १८८३ पासून अखंड चालू आहे. खुद्द अमेरिकेतही ही रीत सार्वत्रिक नाही. सॅन फ्रान्सिस्कोत, उदाहरणार्थ, असे मंडळ आहे, परंतु त्याचे सदस्य महापौर नेमतो.

मिनियापोलिस हे नाव मोठे मौजेचे आहे. त्याचा पूर्वार्ध डकोटा या तेथील मूळ रहिवाशांच्या भाषेतील पाण्यासाठी असलेल्या शब्दावरून आलेला, तर उत्तरार्ध ग्रीकांचा 'पोलिस' म्हणजे नगर. नावाप्रमाणे हे खरोखरच पाण्याचे गाव आहे. मिसिसिपी नदीवरील धबधब्याच्या बळावर येथे लाकडाच्या वखारी व पिठाच्या गिरण्या चालत, आणि हद्दीच्या आतच अनेक सरोवरे होती. १८८० साली लोकवस्ती सुमारे ४७ हजार होती. १८९० साली ती १ लक्ष ६४ हजारांवर गेली. दहा वर्षांत साडेतीनपट वाढणाऱ्या गावात मोकळ्या जमिनीचे काय होते, हे आपणांस निराळे सांगावयास नको.

शहरातील काही व्यापाऱ्यांनी हा धोका वेळीच ओळखला. चार्ल्स लोरिंग हा गृहस्थ त्यांत अग्रेसर होता. नगरसभा या कामी अनुकूल नव्हती, म्हणून या मंडळींनी तिला वळसा घालून थेट राज्याच्या विधिमंडळाकडून फेब्रुवारी १८८३ मध्ये कायदा करून घेतला. त्यास नगरातील मतदारांची संमती लागत होती; ती एप्रिलमध्ये बहुमताने मिळाली. बहुमताने म्हणतो, एकमताने नव्हे. 'नाइट्स ऑफ लेबर' या कामगारांच्या संघटनेने कसून विरोध केला होता. श्रीमंतांच्या बंगल्यांसमोर हिरवळी होतील आणि कराचा भार मात्र कष्टकऱ्यांवर पडेल, अशी तिची भीती होती. हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. सव्वाशेहून अधिक वर्षांनी तोच निराळ्या रूपाने पुन्हा उभा राहिला, हे पुढे येईलच.

लोरिंग मंडळाचा पहिला अध्यक्ष झाला. मंडळाने होरेस क्लीव्हलंड या सत्तरीकडे झुकलेल्या उद्यानरचनाकारास पाचारण केले, व त्याने त्याच वर्षी आपला आराखडा सादर केला. त्याचा मुख्य भर फुलांच्या ताटव्यांवर वा कारंज्यांवर नव्हता. भाव चढण्यापूर्वी जमीन ताब्यात घ्या, नदीचा काठ व सरोवरांचे काठ सोडू नका, आणि ही स्थळे वृक्षांच्या रुंद रस्त्यांनी एकमेकांस जोडा, असा त्याचा सल्ला होता. आज शहराभोवती सुमारे पन्नास मैलांचा जो उद्यानमार्ग फिरतो, त्याचे मूळ या आराखड्यात आहे. माझ्या मते मंडळाच्या साऱ्या इतिहासात याहून मोलाचा निर्णय झालेला नाही. झाडे केव्हाही लावता येतात. घरांनी व्यापलेली जमीन परत मिळविणे मात्र दुरापास्त असते.

१९०६ साली थिओडोर वर्थ नावाचा स्विस जन्माचा माळी अधीक्षक म्हणून आला आणि १९३५ पर्यंत त्या पदावर राहिला. तो येईपर्यंत उद्याने ही पाहण्याची वस्तू होती. वर्थने हिरवळीवर चालू नये अशा अर्थाच्या पाट्या काढून टाकविल्या. बाग वापरण्यासाठी आहे, मुलांनी तेथे धावावे, पडावे, चेंडू खेळावा, हे त्याचे मत. आपल्याकडच्या कित्येक बागांच्या फाटकांवरील निषेधांची यादी वाचताना मला या गृहस्थाची आठवण होते. त्याच्या कारकीर्दीत दलदलीची सरोवरे उपसून खोल केली गेली आणि मंडळाची जमीन सुमारे तिप्पट झाली.

आता या मंडळाची घडण पाहू. त्याचे सदस्य ९ आहेत. त्यांपैकी ६ जण शहराच्या सहा विभागांतून आणि ३ जण सबंध शहरातून, चार वर्षांसाठी निवडले जातात. ते आपल्यातून अध्यक्ष निवडतात व दैनंदिन कारभारासाठी वेतन घेणारा अधीक्षक नेमतात. धोरण मंडळाचे, अंमल अधीक्षकाचा, अशी ही वाटणी आहे. मंडळाचे स्वतःचे पोलीस आहेत. रस्त्याच्या कडेची झाडेसुद्धा त्याच्याच देखरेखीखाली आहेत, मग तो रस्ता बागेजवळचा असो वा नसो.

परंतु मंडळाची खरी शक्ती आहे ती पैशाच्या व जमिनीच्या बाबतीत. शहरातील घरमालक जी घरपट्टी भरतो, तिच्यात उद्यान मंडळाचा हिस्सा वेगळा दाखविलेला असतो. तो किती असावा हे मंडळ स्वतः ठरविते. मात्र त्यास मोकळे रान नाही. कराची कमाल मर्यादा ठरविणारे आणखी एक छोटे मंडळ शहरात आहे. त्यात महापौर, नगरसभेचे प्रतिनिधी, उद्यान मंडळाचा प्रतिनिधी व दोन लोकनियुक्त सदस्य बसतात. जमिनीविषयीचा नियम याहून कडक आहे. उद्यानाची जमीन विकावयाची झाल्यास मंडळात दोन तृतीयांश मते हवीत आणि त्याखेरीज जिल्हा न्यायालयाची मान्यता हवी. एखाद्या उत्साही अध्यक्षाने एका रात्रीत मैदान देऊन टाकावे, अशी सोयच ठेवलेली नाही.

पैसा वेगळा असण्याचे महत्त्व समजण्यासाठी आपल्या घरच्या व्यवस्थेकडे क्षणभर पाहू. मुंबईच्या नगरपालिकेच्या १८८८ च्या कायद्यात पाणी, गटारे, रस्ते ही आवश्यक कर्तव्ये मानली असून बागा व क्रीडांगणे ऐच्छिक कर्तव्यांत घातली आहेत. पुढे १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जी बारावी अनुसूची जोडली, तिच्यात बागा, उद्याने व क्रीडांगणे यांचा स्पष्ट उल्लेख आला, हे खरे. तथापि एकाच तिजोरीतून नळ, गटारे आणि बाग यांचा खर्च निघावयाचा असला की पावसाळ्यात तुंबलेल्या गटारापुढे बागेची कैफियत कोण ऐकणार? आणि तसे होणे अगदी अन्याय्य आहे असेही मी म्हणत नाही. मुंबईत नगरसेवकांची बाजार व उद्यान समिती असते. बाजार आणि बागा एकाच समितीत बसविण्यामागील तर्क मला अद्याप उमगलेला नाही. शिवाय अशी समिती नगरसेवक असतील तरच असते. मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर मुंबई व पुणे या दोन्ही शहरांचा कारभार दीर्घ काळ प्रशासकाच्या हाती राहिला, आणि त्या काळात बागेची तक्रार लोकप्रतिनिधींच्या समितीपुढे नेण्याचा मार्गच नव्हता.

शिक्षक असताना एका सार्वजनिक मैदानाची आठवड्यातून दोन सकाळी कवायतीसाठी मागणी करण्यास मी गेलो होतो. एका कचेरीने सांगितले की जागा आमची असली तरी वापराची परवानगी दुसरीकडे मिळेल. दुसरीने सांगितले की आमच्याकडे केवळ झाडे आहेत. त्या वर्षी मुलांची कवायत शाळेच्या गच्चीवर झाली.

थोडे अंकगणितही करून पाहू. मिनियापोलिसच्या मंडळाकडे, सरोवरांचे पाणी धरून, सुमारे ६,८०० एकर क्षेत्र आहे. २०२० च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्या सुमारे ४ लक्ष ३० हजार. म्हणजे दरमाणशी सुमारे ६४ चौरस मीटर झाले. मुंबईच्या २०३४ पर्यंतच्या विकास आराखड्याने दरमाणशी ४ चौरस मीटरांचे उद्दिष्ट ठेवले आहे. समुद्राने वेढलेल्या बेटाची व विस्तीर्ण मैदानी प्रदेशातील शहराची तुलना पूर्णपणे न्याय्य नव्हे, हे मान्य करूनच हे आकडे ऐकावेत.

वर्षभर मंडळाचे काम चालते तरी कसे? उन्हाळ्यात पोहण्याचे काठ, नौका, संगीताचे कार्यक्रम. हिवाळ्यात मैदानांवर पाणी सोडून ते गोठवितात व त्या बर्फावर मुले घसरतात, खेळतात. झाडांचे काम मात्र कष्टाचे आहे. एल्म वृक्षांवर रोग पसरला तेव्हा १९७७ या एका वर्षात तीस हजारांहून अधिक झाडे तोडावी लागली. ॲश जातीच्या झाडांस पोखरणारा हिरवा भुंगेरा २०१० साली शहरात सापडला, तेव्हा मंडळ सर्व झाडे मरण्याची वाट पाहत बसले नाही. २०१४ पासून आठ वर्षांत सुमारे ४० हजार झाडे टप्प्याटप्प्याने काढून त्या जागी निरनिराळ्या जातींची लावण्याची योजना त्याने आखली, आणि त्यासाठी घरपट्टीत वेगळा आकार बसविला. एकाच जातीची रांग दिसावयास सुंदर असते, परंतु रोग आला की सबंध रांगच जाते, हा धडा एल्मने दिला होता.

एवढ्यावरून तेथे रामराज्य आहे असे कोणी समजू नये. कामगारांचा जुना आक्षेप पुन्हा उभा राहिला असे मी म्हटले. सरोवरांच्या काठची, सुखवस्तू वस्तीतील उद्याने नीटनेटकी आणि गरीब व कृष्णवर्णीय वस्त्यांतील मैदाने जुनाट, अशी तक्रार वाढत गेली. अखेर २०१६ मध्ये मंडळ व नगरसभा यांनी वीस वर्षांचा करार केला. दरसाल किमान १ कोटी १० लक्ष डॉलर वस्त्यांतील उद्यानांवर खर्च करावयाचे आणि कोणत्या उद्यानास आधी, हे ठरविताना तेथील दारिद्र्य व वांशिक विषमता यांस गुण द्यावयाचे. २०२० च्या उन्हाळ्यात शेकडो बेघरांनी उद्यानांत तंबू ठोकले. मंडळाने प्रथम त्यांस आसरा दिला, मग संख्येवर मर्यादा घातल्या, आणि दोन्ही वेळी शिव्या खाल्ल्या. जुलै २०२४ मध्ये मंडळाच्या कामगारांनी वेतनासाठी सुमारे तीन आठवडे संप केला. मंडळाच्या इतिहासातील तो पहिला संप होय.

या व्यवस्थेचा कस लागला तो हायवाथा येथील गोल्फच्या मैदानाच्या प्रकरणात. वर्थच्या काळात एक उथळ सरोवर उपसून, त्याच गाळाच्या भरावावर हे मैदान केले गेले व १९३४ साली खुले झाले. जून २०१४ मध्ये मोठा पूर येऊन ते पाण्याखाली गेले. दुरुस्तीच्या चौकशीत असे निघाले की मैदान कोरडे ठेवण्यासाठी पंप अहोरात्र चालत असून, दरसाल २० कोटी गॅलनांहून अधिक पाणी उपसले जात आहे, आणि हे प्रमाण राज्याने दिलेल्या परवान्याच्या कितीतरी पट आहे. पाणी सरोवरात टाकावे तर ते झिरपून पुन्हा मैदानाखाली येते. पंप बंद करावेत तर शेजारच्या घरांच्या तळघरांत पाणी शिरण्याची भीती. मग अठरा होलांचे मैदान मोडून काही भाग पाणथळ होऊ द्यावा, असा प्रस्ताव आला.

प्रश्न केवळ पाण्याचा असता तर अभियंत्यांनी तो सोडविला असता. परंतु वर्णभेदाच्या काळात कृष्णवर्णीय खेळाडूंस जी थोडी मैदाने मोकळी होती, त्यांत हे एक होते. मोकळे तरी कसे, तर मैदानात खेळावे, पण क्रीडागृहात पाऊल टाकू नये. सॉलोमन ह्यूज या खेळाडूच्या व इतरांच्या झगड्यानंतर १९५२ साली ते दार उघडले. ज्यांच्या वडिलांनी हा लढा पाहिला, ते लोक आता मैदान अर्धे होणार म्हणून मंडळापुढे उभे राहिले. दुसऱ्या बाजूस सरोवराचे पाणी शुद्ध व्हावे म्हणून झटणारे शेजारी होते. मंडळाच्या बैठका सायंकाळी, उघड्या दाराने होतात व कोणाही नगरवासीयास ठरावीक मिनिटे बोलण्याची मुभा असते. तेव्हा वर्षानुवर्षे दोन्ही पक्षांची भाषणे सदस्यांना ऐकावी लागली. एका मंडळाच्या मुदतीत योजना संमत होऊ शकली नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये निवडणूक झाली, सदस्य बदलले, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये नव्या मंडळाने बहुमताने तिला मान्यता दिली. तिच्याप्रमाणे नऊ होलांचे मैदान राहावयाचे, उरलेल्या भागात पाण्यास जागा द्यावयाची आणि कृष्णवर्णीय खेळाडूंचा इतिहास त्या स्थळी जपावयाचा. ज्या क्रीडागृहाचे दार एकेकाळी बंद होते, त्यास मंडळाने सॉलोमन ह्यूज यांचेच नाव दिले आहे.