आधी नंबर पाठवा, मग गाडी पाहू

सोयाबीन-कापसाचा पैसा हातात आला की ढाणकीत माझा फोन वाजू लागतो. "मिस्त्री, नांदेडात एक गाडी पाहिली, चालता का?" गॅरेजवाल्यानं बोनेट उघडून इंजिनचा आवाज ऐकला की सगळं कळतं, असा लोकांचा समज. मी म्हणतो, भाऊ, आधी नंबर पाठवा.

एमपरिवहन अ‍ॅपवर नंबर टाकला की नोंदणीची तारीख, इंधन, विमा, पीयूसी अशी माहिती समोर येते. मालकाचं नाव अर्धवट झाकलेलं असतं, तरी सांगणाऱ्याशी अक्षरं जुळतात का ते दिसतं. मग मूळ आरसी मागवायची. तीवर बँकेचा किंवा फायनान्स कंपनीचा बोजा असेल, तर "हप्ते कधीच फिटले" या बोलण्याला काही अर्थ नाही. बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 देऊन बोजा उतरवावा लागतो. ई-चलानही त्याच वेळी पाहून घ्या. थकलेला दंड कोणी भरायचा, हे सौदा ठरतानाच बोललेलं बरं.

आमचं गाव सीमेजवळ. पैनगंगा ओलांडली की नांदेड जिल्हा, पुढे तेलंगण. त्यामुळे एमएच-29 सोबत पलीकडच्या पाट्याही इथं दिसतात. पाटीही वय सांगते. एपी-01 हा आदिलाबादचा जुना क्रमांक. तेलंगण 2014 साली वेगळं झालं आणि तिथल्या नव्या गाड्यांना टीएस लागलं, 2024 पासून टीजी. म्हणजे एपी-01 ची गाडी "2016 चं मॉडेल" म्हणून कोणी दाखवली, तर चहा पिऊन परत यावं. परराज्यातली गाडी स्वस्त का असते, तेही समजून घ्या. तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म 28, आणावी लागते, इथं नव्यानं नोंदणी करावी लागते आणि महाराष्ट्राचा कर भरावा लागतो. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदीचे आदेश निघाले, तेव्हापासून तिकडचा मालही दूरदूर जाऊ लागला. तो सगळा वाईट नसतो. पण हा खर्च किमतीत धरल्याशिवाय स्वस्त म्हणू नका.

मला सगळ्यात आवडतो तो विम्याचा कागद. वर्षभर क्लेम घेतला नाही की पुढच्या वर्षी बोनस मिळतो. तो वीस टक्क्यांपासून सुरू होतो आणि सलग पाच वर्षांनी पन्नासवर जातो. मालक म्हणतो, "सहा वर्षं मीच चालवतो, एक ओरखडा नाही," आणि पॉलिसीवर बोनस शून्य! मग विचारायचं, क्लेम कशाचा घेतला? बोनस मालकाचा असतो, गाडीचा नव्हे. म्हणून गाडी नुकतीच हात बदलून आली असेल तर शून्यावरून लगेच संशय घेऊ नये.

कागद पाहिल्यावरच मी लोखंडाकडे वळतो. आरसीवरचा चॅसिस नंबर गाडीवर कोरलेल्या नंबराशी अक्षर न अक्षर ताडायचा. बोनेटच्या बिजागरीचे नट पाहायचे. रंग उडून पान्याच्या खुणा असतील तर बोनेट कधीतरी उतरवलेलं आहे. लोहचुंबक पत्र्यावर एखाद्या जागी नीट धरत नसेल, तर खाली पुट्टी जाड आहे. पुरात बुडालेली गाडी ओळखायला सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. वरचा भाग धुतलेला असतो, आतल्या टोकाला गाळाचा डाग राहतो. स्टेपनीखाली आणि सीटच्या रुळांवर गंज पाहा. 2019 साली सांगली-कोल्हापुरात किती गाड्या पाण्यात गेल्या, आठवतं ना?

मीटरवर माझा विश्वास नाही. डिजिटल मीटर लॅपटॉप लावून मागं घेता येतं. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर प्रत्येक सर्व्हिसला किलोमीटर लिहिलेले असतात. मालकाला सोबत घेऊन ती नोंद मागा. आकडा एखाद्या वर्षी घटलेला दिसला, तर पुढं बोलायचं कारण नाही.

आमच्याकडे बाँड लिहिला, चावी घेतली की गाडी आपली, असं धरून चालतात. तसं नाही बाप्पा. नाव चढवायला फॉर्म 29 आणि 30 लागतात. राज्यातल्या राज्यात सौदा असेल तर विकणाऱ्यानं 14 दिवसांत कळवायचं, घेणाऱ्यानं 30 दिवसांत. विकणाऱ्यालाही यात घाई हवी. नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात 2018 साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की गाडी हातोहात विकली गेली तरी नोंदणीत ज्याचं नाव, अपघाताची भरपाई त्याच्यावर. विक्री झाली होती 2007 मध्ये, अपघात 2009 मध्ये. नाव पहिल्याचंच राहिलं होतं. दलालाकडून घेत असाल तर त्याच्याकडे आरटीओचं अधिकारपत्र आहे का विचारा. एप्रिल 2023 पासून तसा नियम आहे.

म्हणून इसार थोडा द्या, दोन्ही फॉर्मवर सह्या समोर करून घ्या आणि काही रक्कम नाव चढेपर्यंत हातात ठेवा. विकणारा त्याला तयार नसेल, तर ती गाडी सोडा.