मुखपृष्ठ, गडद पार्श्वभूमीचे

पुस्तकाच्या किंवा नियतकालिकाच्या आवरणावर काळा, गर्द निळा यांसारखा रंग सलग छापून त्यात पांढरी अक्षरे दर्शविण्याची पद्धत. मुद्रणव्यवसायात अशा अक्षरांना ‘रिव्हर्स’ अक्षरे म्हणतात. ही अक्षरे सामान्यतः शाईने छापलेली नसतात. सभोवती शाई लावून अक्षराच्या आकाराचा कागद कोरा राखलेला असतो. हा कोरा भाग शाईपासून सुरक्षित ठेवणे, हा छपाईपूर्व तयारीचा मुख्य हेतू होय.

ऑफसेट मुद्रणात शाई प्लेटवरून रबरी ब्लँकेटवर व तेथून कागदावर दाबाने उतरते आणि कडेने किंचित पसरते. त्यामुळे पांढऱ्या कागदावरील काळे अक्षर थोडे जाड होते, तर गडद भागातील पांढरे अक्षर बारीक होते. गुळगुळीत आर्ट कागदावर हा परिणाम कमी, तर शाई शोषणाऱ्या मॅपलिथो कागदावर अधिक असतो.

देवनागरी लिपीत हा दोष विशेष जाणवतो. कारण अनुस्वार, उकार, रफार यांसारखी लहान चिन्हे प्रथम बुजतात. पुणे जिल्ह्यातील दोन तालुक्यांच्या ठिकाणांची नावे या दृष्टीने उद्‌बोधक आहेत. ‘दौंड’ या नावातील अनुस्वार बुजला, तर ‘दौड’ हा निराळाच शब्द उरतो. ‘शिरूर’ या नावातील रू या अक्षराचे वळण बुजल्यास ऱ्हस्व-दीर्घ भेद नाहीसा होतो. म्हणून लहान मजकुरासाठी मध्यम जाडीचा, मोकळ्या रचनेचा टंक निवडतात व अक्षरांतील अंतर थोडे वाढवितात.

केवळ काळ्या शाईचा मोठा पृष्ठभाग करडा भासतो. तो गडद व्हावा म्हणून इतर शाया मिसळतात, उदा., काळी १००, सायन ६०, मॅजेंटा ४० व पिवळी ४० टक्के. ही बेरीज २४० होते. आर्ट कागदावर ती सु. ३०० च्या आत राखतात. त्याहून अधिक शाई उशिरा वाळते व वरच्या कागदाच्या पाठीला लागते. चार प्लेटींची जुळणी थोडी जरी ढळली, तरी पांढऱ्या अक्षरात रंगीत कड शिरते. यावर उपाय म्हणून काळ्याखालील रंग अक्षराच्या कडेपासून किंचित मागे ठेवतात. रंगजुळणीचा हा प्रश्न जुनाच आहे. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत सुरू केलेला व पुढे पुणे जिल्ह्यातील मळवली येथे हलविलेला शिलामुद्रणाचा छापखाना प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र शिळा वापरीत असे. तेथेही चित्राचा रेखीवपणा शिळांच्या अचूक जुळणीवर अवलंबून होता.

संगणकावरील आराखड्यात अक्षरे छायाचित्राप्रमाणे ठिपक्यांची न ठेवता रेषाकृतींच्या स्वरूपात ठेवतात. टंक फाइलीत समाविष्ट नसल्यास जोडाक्षरे तुटण्याचा संभव असतो. पांढऱ्या अक्षरांना ‘ओव्हरप्रिंट’ ही सूचना चुकून दिली गेल्यास ती छपाईत पूर्णपणे नाहीशी होतात. पार्श्वभूमी कटाईच्या रेषेबाहेर सर्व बाजूंनी सु. ३ मिमी. वाढवितात आणि मजकूर त्या रेषेपासून पुरेसा आत ठेवतात. पडदा स्वयंप्रकाशी असल्याने त्यावर स्पष्ट दिसणारे गडद रंगभेद कागदावर एकरूप होतात. छपाईनंतर गडद पृष्ठावर ओरखडे व बोटांचे ठसे उठून दिसतात, तसेच कण्याच्या घडीवर शाई तडकून पांढरा कागद उघडा पडतो. म्हणून लॅमिनेशन करतात व घडीची रेषा आधीच दाबून घेतात.

शिरूर वा दौंड येथील एखाद्या शाळेची किंवा सहकारी संस्थेची स्मरणिका पुण्यात छापावयाची असल्यास छपाईच्या वेळी संपादक यंत्राजवळ असेलच असे नाही. अशा वेळी छपाईच्याच कागदावर काढलेली, प्रत्यक्ष आकाराची नमुनाप्रत दिवसाच्या उजेडात वाचणे महत्त्वाचे ठरते. या टप्प्यावर अनुस्वार दुरुस्त करण्यास अल्प श्रम पुरतात. प्लेटी झाल्यावर त्या नव्याने कराव्या लागतात आणि छपाई झाल्यावर सर्व आवरणे रद्द करण्यावाचून गत्यंतर नसते.